शिकारी जातीचा कुत्रा, पट्टा आणि कायदा : ग्वाल्हेरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, वकिली करतो आणि गेली बरीच वर्षं घरात कारवान कुत्रे पाळतो. त्यामुळे फिरायला निघालं की कुणीतरी थांबवतं आणि विचारतं, "याला मोकळा सोडता का हो? शिकार करतो का?" गेल्या काही वर्षांत शहरातल्या मराठी घरांमध्ये कारवान, मुधोळ, बीगल, एखादा पॉइंटर दिसायला लागला आहे, तसे प्रश्नही वाढले. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आमचा कारवान आहे. शिकारी जात म्हणून त्याला मोकळं सोडायची काही सवलत मिळते का?

नाही. आपल्या कायद्यात 'शिकारी कुत्रा' असा वेगळा वर्गच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली दुरुस्ती झाल्यापासून हौसेची शिकार बंद आहे. मूळ कामच बेकायदा असल्यावर ते करणाऱ्या कुत्र्याला सवलत कुठून असणार? कायद्याच्या नजरेत तुमचा कारवान आणि समोरच्या काकूंचा पामेरियन सारखेच. दोघेही पाळीव कुत्रे, आणि दोघांची जबाबदारी मालकाची.

पण आजोबा संस्थानच्या काळात शिकारीला जायचे. घरात जुना परवाना आहे, फोटो आहेत.

फोटो जपून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत असे फोटो आहेत. शिवपुरीचं जंगल शिंदे सरकारांचं शिकारीचं रान होतं, आणि दरबारातल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा त्या शिकारींशी संबंध आला. पण त्या परवान्याला आज किंमत नाही. त्याच रानात आता माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि मार्च २०२५ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

शिकार म्हणजे बंदूक, जाळं, फास. नुसता कुत्रा सशामागे धावला तर ती शिकार कशी?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या अधिनियमाच्या कलम २(१६) मध्ये 'शिकार' शब्दाची व्याख्या दिली आहे आणि ती आपल्या रोजच्या समजुतीपेक्षा पुष्कळ मोठी आहे. जनावर मारणं किंवा विष घालणं तर आहेच. पकडणं, फासात अडकवणं, हाका घालून हुसकावणं, आमिष दाखवणं आणि पाठलाग करणं हेही तिच्यात आहे. यातला पाठलाग म्हणजे कुत्रे मागे लावून जनावर पळवणं. आणि या सगळ्याचा 'प्रत्येक प्रयत्न' हीसुद्धा शिकारच. म्हणजे तुम्ही पट्टा सोडून "छू" म्हटलंत, कुत्रा धावला, ससा बिळात शिरून वाचला आणि कुत्रा हात हलवत परत आला, तरी शिकारीचा प्रयत्न झालेला असतो. रक्ताचा थेंब सांडायची गरज नाही.

शिक्षा कोणत्या जनावरामागे कुत्रा लावला यावर ठरते. काळवीट, चिंकारा, मोर, घोरपड ही मंडळी अनुसूची १ मधली. तिथे कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि वर किमान २५ हजार रुपये दंड. शिकार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात झाली तर जनावर कोणतंही असो, हीच शिक्षा. बाकी संरक्षित प्राण्यांसाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे २०२२ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ससा, नीलगाय, रानडुक्कर यांचीही शिकार बंदच आहे. "ससाच तर आहे" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. ते कोर्टात चालत नाही.

घरातला उंदीर कुत्र्याने पकडला तर काळजीचं कारण नाही, त्याच्यासाठी कायदा आड येत नाही. घोरपडीच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पावसाळ्यात ती गावाकडच्या घरांच्या भिंतीपर्यंत येते आणि कारवानला ती दिसली की त्याचं सगळं अंग ताठ होतं. मुधोळ कुत्र्यांना नावारूपाला आणलं ते मुधोळच्या राजे घोरपड्यांनी. ज्या घराण्याचं नावच या प्राण्यावरून पडलं, त्यांच्या कुत्र्याकडून घोरपड मारली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मी मुद्दाम सोडला नव्हता. पट्टा निसटला आणि त्याने ससा मारलाच. आता काय करू?

हे माझ्या बाबतीत जवळजवळ घडलं आहे, म्हणून तुमची घालमेल मी समजू शकतो. डिसेंबरातली सकाळ होती, तिघऱ्याच्या वाटेवर धुकं होतं. माझी बिजली तेव्हा दीड वर्षांची. बाभळीच्या बुडातून ससा उठला आणि पुढच्या क्षणी गळ्यातला पट्टा माझ्या हातात लोंबत होता. बक्कल तसंच लावलेलं, चामडं आतून अजून कोमट. ती मात्र दिसेनाशी झाली. तब्बल ४० मिनिटांनी सापडली ती एका शेताच्या काटेरी तारेपाशी, छाती फाटलेली. ससा तिला मिळाला नव्हता. तिला अकरा टाके पडले.

ससा मेला असता तर काय करायचं, ते नंतर मी कायदा उघडून पाहिलं. मुद्दाम सोडणं आणि निसटणं यात फरक आहे आणि तपासात त्याला वजन मिळतं. पण तो फरक तुमच्या पुढच्या वागण्यावरून दिसतो. पहिली गोष्ट, कुत्र्याला लगेच पकडून बांधा. दुसरी, मेलेलं जनावर पिशवीत घालून घरी आणू नका. मारलं गेलेलं वन्य जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असतं आणि कोणत्याही कारणाने ते तुमच्या ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. जाग्यावरूनच वनखात्याला फोन करा, ठिकाण सांगा आणि खरं सांगा. लोक घाबरून जनावर पुरून टाकतात आणि अपघाताची शिकार करून बसतात. त्याचं मांस शिजवणं तर सोडाच, त्याच्यासोबत हसत फोटो काढून गटावर टाकणंसुद्धा स्वतःविरुद्ध पुरावा देणं आहे.

जनावर जखमी असेल तर त्याला पाणी पाजण्याच्या किंवा उचलण्याच्या फंदात पडू नका. कुत्रा लांब न्या आणि माणसं येईपर्यंत थांबा. आणि कोल्हा, मुंगूस, रानमांजर अशा कुणाशी झटापट झाली असेल तर कुत्र्याच्या जखमा साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. जखम किरकोळ असली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, रेबीजची लस पुन्हा द्यावी लागते.

मग पट्टा कोणता घ्यायचा?

बक्कल लावलेलंच असताना पट्टा निसटला, याचं कारण मला त्या दिवशी कळलं. कारवान, मुधोळ, रामपुरी यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा गोल पट्टा कितीही घट्ट लावा, कुत्रा मागे सरकला की कानांवरून सुटतो. या कुत्र्यांसाठी रुंद, ओढ बसली की थोडा आवळणारा आणि ठरावीक जागी थांबणारा पट्टा मिळतो. दुकानात मार्टिंगेल म्हणून मागा. नाही मिळाला तर लष्करातला कुठलाही चांगला चामड्याचा कारागीर नमुना दाखवला की शिवून देतो. रुंदी चार बोटं असावी. आपोआप गुंडाळणारी दोरी या जातींना नकोच. पंधरा फूट मोकळा धावून आलेला कुत्रा दोरीच्या टोकाला अडकला की एक तर त्याची मान दुखावते, नाही तर तुमची बोटं कापतात. सहा फुटांची सुती दोरी आणि तिचा फास मनगटात, इतकंच पुरतं. बीगल नाकावर चालतो, त्याला छातीचा पट्टा चालेल.

शहरात पट्टा बांधलाच पाहिजे असं लिहिलंय कुठे?

एकाच ठिकाणी, एकाच वाक्यात सापडणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. आपल्या ताब्यातल्या जनावरामुळे माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होण्यासारखा असेल आणि तुम्ही जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी काळजी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड फक्त १ हजार होता. बाड्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत तीस किलोचा पॉइंटर मोकळा फिरत असेल तर 'पुरेशी काळजी' घेतली असं कोण म्हणेल? त्याशिवाय भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २६ फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्याला बांधून न्यावा असा सल्ला आहे. नगर निगमाच्या नोंदणीचं काय ते वॉर्ड कार्यालयात विचारून घ्या आणि नोंदणीचा बिल्ला मिळाला तर तो कपाटात न ठेवता कुत्र्याच्या गळ्यात घाला.

हा बिल्ला आता जास्तच महत्त्वाचा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशांनंतर भटके कुत्रे पकडायची मोहीम सगळीकडे जोरात आहे. कारवान, मुधोळ हे अंगाने सडपातळ, बरगड्या दिसणारे कुत्रे. ज्याला जात माहीत नाही त्याला ते उपाशी भटके वाटतात. गळ्यात पट्टा नसलेला तुमचा कुत्रा गाडीत गेला तर तो तुमचा आहे हे सिद्ध करत बसावं लागेल. मायक्रोचिप बसवून घेतलेली उत्तम.

सोसायटी म्हणते शिकारी जात पाळता येणार नाही. खरंय का?

नाही. त्याच २०१५ च्या सूचनांत स्पष्ट आहे की रहिवासी संघटनेला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, जात किंवा आकार पाहूनही नाही. पण लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा आणि घाण स्वतः उचला. वाद निम्मे तिथेच मिटतात.

त्या २३ जातींच्या बंदीचं काय झालं? त्यात शिकारी कुत्रे होते ना?

होते. १२ मार्च २०२४ च्या केंद्राच्या पत्रकात डोगो अर्जेंटिनोसारख्या शिकारीसाठी तयार झालेल्या परदेशी जाती होत्या. कारवान, मुधोळ, राजापालयम यातले कुणी त्यात नव्हते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते पत्रक रद्द केलं.

मोकळा सोडायचा नाही म्हणता. मग दिवसभर अंगणात साखळीला बांधून ठेवतो, चालेल?

नाही चालणार, आणि हे मी रागानेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, कलम ११ मध्ये, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने व्यायाम न देणं हाही वेगळा गुन्हा आहे. कायद्याने कुत्र्यासाठी मुद्दाम घातलेली ही ओळ आहे. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड १० ते ५० रुपये, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण मुरारकडच्या एका वाड्यात मी खांबाभोवतीची माती पाहिली आहे. साखळीच्या लांबीएवढं वर्तुळ, घासून घासून वीतभर खोल गेलेलं. तो मुधोळ तीन वर्षांचा होता. धावण्यासाठी जन्मलेल्या जनावराचं सगळं जग त्या वर्तुळात मावलेलं होतं. ते पाहिल्यापासून, ज्याला रोज तासभर चालायला वेळ नाही त्याने ही जात घरी आणूच नये, असं मी तोंडावर सांगतो.

डबऱ्याकडे शेती आहे. नीलगायी हरभरा खातात. कुत्रे सोडले तर?

राखणीला कुत्रा ठेवा. तो भुंकतो, नीलगाय बिचकते, जाते. हे युगानुयुगं चालत आलं आहे. पण चार-पाच कुत्र्यांची टोळी करून नीलगायीच्या मागे लावायची, ती तारेत अडकली की तिला फाडू द्यायची, ही शिकार आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव अभिरक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी परवानगी देऊ शकतो. तुमच्या कुत्र्याला ती आपोआप मिळालेली नसते. नुकसानीचा पंचनामा मात्र जरूर मागा, तो तुमचा हक्क आहे.

कुत्र्याने शेजाऱ्याची शेळी मारली. आणि उलट, कुणी माझ्या कुत्र्याला विष घातलं तर?

शेळीची भरपाई द्या, आणि वेळेवर द्या. निष्काळजीपणा सिद्ध झाला की दिवाणी कोर्टातही तेच होणार आहे, आणि कुत्र्याने आधी एकदा असं केलं असेल तर तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. मुद्दाम अंगावर सोडला असेल तर मामला फौजदारी होतो.

तुमच्या कुत्र्याला कुणी विष घातलं, मारलं किंवा लुळंपांगळं केलं तर न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, ५ वर्षांपर्यंत कैद. शवविच्छेदन करून घ्या, त्याशिवाय केस उभी राहत नाही. खड्डा खणायची घाई करू नका.

मोकळा सापडलेला कुत्रा गावकरी कोंडवाड्यात घालू शकतात का?

नाही. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा आहे आणि त्यात गुरं, घोडे, गाढवं, शेळ्या-मेंढ्या, डुकरं, अगदी हत्ती-उंटही आहेत, पण कुत्रा नाही.

तिघरा, चंबळ, शिवपुरी, कुनो. कुत्र्याला घेऊन कुठे जाता येईल?

राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात नेऊच नका. आपल्याकडे अडचण अशी की या हद्दी शहराच्या अगदी जवळ आहेत आणि सगळीकडे कुंपण नाही. घाटीगावकडे सोनचिरैया म्हणजे आपल्या माळढोकासाठी राखलेलं अभयारण्य आहे, तिथे रस्त्यावरचा एक वळसा चुकला तरी आत शिरता.

चंबळेबद्दल कळकळीची विनंती आहे. राष्ट्रीय चंबळ अभयारण्यातल्या वाळूत घडियाल मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालते आणि मे-जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात. त्याच महिन्यांत नदीतल्या वाळूच्या बेटांवर पाणचिरा पक्षी उघड्यावर अंडी घालतो. कोल्हे आणि कुत्रे ही घरटी उकरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुरेन्याकडे नदीवर जाणारी मंडळी "जरा पळू दे" म्हणून कुत्रा वाळूत सोडतात, आणि पंधरा मिनिटांत तो काय उकरून आला हे त्यांना कळतही नाही.

कुनोचं कारण निराळं. १७ सप्टेंबर २०२२ पासून तिथे चित्ते आहेत आणि त्यातले काही हद्द ओलांडून आपल्या जिल्ह्यापर्यंत फिरले आहेत. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग वन्य मांसाहारी प्राण्यांना जातो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये तो सापडला होता. म्हणून कुनोभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांना लसी दिल्या गेल्या. तुमचं त्या बाजूला शेत असेल तर रेबीज आणि डिस्टेंपर, दोन्ही लसींचं कार्ड पूर्ण ठेवा.

टेकनपूरच्या कुत्र्यांना सोडतात, मग आमच्याच कुत्र्याला का नाही?

टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथे आता मुधोळ, रामपुरी या देशी शिकारी जातींनाही शिकवलं जातं. याचा मला फार आनंद आहे. पण ते काम एकदा बघा. वनखात्याचे हुंगणारे कुत्रेही तिथे तयार झाले आहेत, आणि शिकाऱ्याचा माग काढताना ते लांब दोरीवर असतात, दोरीचं टोक कुत्रा सांभाळणाऱ्या जवानाच्या किंवा वनरक्षकाच्या मुठीत. कुत्र्याने काय सांगितलं ते त्याला त्या दोरीतून कळतं.

माझा भाऊ अमेरिकेत आहे. त्याचा बीगल मोकळा शिकार करतो, तिथे पट्ट्याचा कायदा नाही का?

आहे, पण तिथे शिकार परवान्याने कायदेशीर आहे, म्हणून पट्ट्याच्या कायद्यात शिकारी कुत्र्याला जागा ठेवलेली असते. पेनसिल्व्हेनियात कुत्रा बांधलेला किंवा ताब्यात हवा, पण कायदेशीर शिकारीत गुंतलेला असताना मुभा. मिशिगनमध्येही प्रशिक्षित शिकारी कुत्रा मालकासोबत प्रत्यक्ष काम करत असेल तरच सूट, शिकार संपवून गावात आला की पट्टा. व्हर्जिनियात तर कुत्रा दुसऱ्याच्या जमिनीत गेला तर त्याला आणायला मालक आत जाऊ शकतो, पण कोल्ह्या-रॅकूनची शिकार सोडली तर हत्यार बाहेर ठेवून. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी वन्य सस्तन प्राण्यांची शिकारच बंद केली, थोडे अपवाद ठेवून, आणि तिथल्या मोकळ्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै, पक्ष्यांच्या विणीच्या काळात, आखूड पट्टा सक्तीचा आहे. भावाचे व्हिडिओ बघा, पण नियम इकडे आणू नका.

मग याला पळवायचा कुठे?

बंदिस्त जागेत. ओळखीच्या कुणाचं कुंपण घातलेलं शेत, फार्महाऊस, गोदामाचं आवार. कुंपण सहा फूट हवं, कारवान चार फूट उभ्याउभ्या ओलांडतो. काटेरी तार नको, जाळी हवी. आत सोडण्याआधी स्वतः कडेकडेने एक फेरी मारा, जाळीखालची भोकं बघा, मोर किंवा ससा आत बसलाय का ते बघा, फाटकाची कडी दोनदा तपासा. मग लांब काठीला दोरी आणि दोरीला जुन्या गोधडीचा तुकडा बांधून गोल फिरवा. जिवंत जनावर आमिष म्हणून कधीही वापरायचं नाही, १९६० च्या कायद्यात तोही गुन्हा आहे. गोधडीच्या तुकड्यामागे बिजली आजही तितक्याच जोरात धावते, छातीवरचा तो व्रण घेऊन. सात-आठ मिनिटांत जीभ बाहेर येते. मग पाणी, सावली, आणि फाटक उघडायच्या आधी पट्टा.